तयारीचा शनिवार

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मन शुद्ध होण्याविषयी लिहावं असं माझ्या हातून काही झालेलं नाही. चुकलो तर वाचणाऱ्यांनी माफ करावं.

आमचं घर बार्शीटाकळीचं, दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. दादानं नववीत शाळा सोडली आणि वावर धरलं, म्हणून मी अमरावतीला शिकू शकलो. राजापेठेतल्या माझ्या खोलीवर तो महिन्यातून एकदा एसटीनं डबा घेऊन यायचा. पहिल्या वर्षी तो असाच येऊन गेल्यावर खोलीतल्या मुलांनी विचारलं, कोण होता? त्याच्या चपलांना माती होती. मी म्हणालो, "आमच्या वावरातला गडी."

दादाला हे कधी कळलं नाही.

पुढे मी इथल्या चर्चच्या मंडळीत मनापासून जाऊ लागलो. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, आदल्या शनिवारी तयारीची सभा असते. पाळक सांगायचे, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल, तर आधी त्याच्याकडे जा, मग भाकरीला हात लाव. नेमका अशाच एका शनिवारी दादा खोलीवर आला. डबा उघडून बसला.

"जेवत काहून नाही बे? पोरगी-गिरगी पटवली का?"

"दादा, तुले एक सांगायचं हाये." मग सगळं सांगितलं. मुलांचा प्रश्न, माझं उत्तर. चपलांची मातीसुद्धा वगळली नाही.

त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा ठेच्यापाशी थांबला.

"मले तं मालूमच नोतं. आता काहून सांगतलं?"

"उद्या प्रभुभोजन हाये. मन साफ पायजे ना."

"मंग झालं का तुयं साफ?"

मी खरं तेच बोललो. "हो."

"चांगलं झालं." त्यानं डबा तसाच बंद केला. दारात चपला घालताना म्हणाला, "येतो, मालक."

मी त्याला थांबवलं नाही. खरं बोलल्यामुळे मला फार हलकं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेतली, प्याला घेतला. उभं राहून साक्षही दिली, त्यात दादाची गोष्ट सांगितली. लोक रडले. पाळकांनी पाठीवर हात ठेवला. एक बाई म्हणाल्या, पोरगा आतून बदलला.

दादाच्या मनात माझ्याविषयी काहीच नव्हतं. ते मी स्वतः नेऊन ठेवलं, हे समजायला मला बरेच दिवस लागले. तोवर डबा कंडक्टरच्या हाती येऊ लागला होता. फोन केला की दादा तो न बोलता आईकडे द्यायचा. दोनदा गावी गेलो, दोन्ही वेळा तो वावरातच राहिला. नंतरच्या प्रभुभोजनांना मी मागच्या बाकावर बसून राहिलो. पुढे जायला पाय उठले नाहीत.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. आधी तब्येतीचं विचारलं, मग जेवणाचं. शेवटी म्हणाली, "बाबू, अचलपुरात दादाचं लगन झालं. पंधरा दिवस झाले. तुले सांगू नको म्हणे. पोरीकडच्यायनं इचारलं, भाऊ किती? तं म्हणे, मी एकटाच हावो."