किल्लारीजवळच्या ओसरीवर भरलेला तास

शाश्वत विकास हा विषय फळ्यावर शिकवून मी वैतागले होते. नांदेडच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या पोरांना तो मीच शिकवते. पोरं व्याख्या पाठ करतात, हिरवंगार गाव थर्माकोलचं करून आणतात आणि वर मलाच विचारतात, "मॅडम, पर्यावरणपूरक दिसतंय ना?" काय बोलणार, कप्पाळ. शेवटी प्राचार्यांच्या मागे लागून कॉलेजची बस मिळवली आणि वर्गाला सांगितलं, चला, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं एक गाव बघून येऊ. किल्लारीजवळचं. माझं.

खरं कारण वर्गाला सांगितलं नाही, इथं सांगते. त्या भूकंपात माझी आई गेली. मी तेव्हा दीड वर्षाची, आजीबरोबर उदगीरला होते आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, शेतात राखणीला. मला आई आठवत नाही. फोटोसुद्धा राहिला नाही. आप्पा तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. लहानपणापासून विचारतेय, आई कशी होती? "चांगली होती," म्हणतात आणि उठून गोठ्यात जातात. मला वाटलं, परक्या लेकरांसमोर तरी बोलतील. आईबद्दल काहीतरी ऐकायची भूक वयाबरोबर कमी होईल असं वाटायचं, पण ती वाढतच चाललीय.

पहाटेच निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा सरळ रस्ता आहे आणि आता तो बरा झालाय. स्वतःची गाडी असेल तर तीनेक तासांत लातूर येतं, एसट्याही भरपूर. आम्ही फेब्रुवारी संपता संपता गेलो. हरभऱ्याची काढणी चालू होती, करडई पिवळी झालेली. लोह्याला चहा घेतला. अहमदपूरला गरम सुशीला खाल्ला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार, वर शेंगदाणे आणि लिंबू. पन्नासच्या नोटेत पोटभर. तिथं मागच्या बाकावर चाललेलं बोलणं कानावर आलं.

"हे पेपरला किती मार्काला येतंय बे?"

"दोन."

"दोन मार्कासाठी चाकूरच्या पुढं जायलोत?"

मी वळून पाहिलं तसे दोघंही मुरमुऱ्यात डोकं घालून बसले.

लातूरला थांबणार असाल तर बसस्टँडजवळ साधे, स्वच्छ लॉज मिळतात. आम्ही थांबलो नाही. पुढं औसा, मग किल्लारीकडचा रस्ता. बस नसली तर जीप मिळते. औसा मागं पडलं की मी खिडकी उघडून बाहेर बघत बसते. दर वेळी.

आमचं नवं गाव म्हणजे सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि सारखी सारखी सिमेंटची घरं. आप्पा ओसरीवर वाट बघत होते. शेजारच्या काकूंनी भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळींच्या मसाला पिठाची आमटी, शेंगाची चटणी असं सगळं करून ठेवलेलं. जेवणं झाली आणि आमचा हुशार इरफान उभा राहिला. त्याची तयारी जोरदार.

"काका, दगडमातीची घरं पर्यावरणाला चांगली. तशीच परत बांधायला पाहिजेत ना?"

आप्पांचा चेहरा उतरला. "परत? राहील कोन त्यात, बाळा? त्या भिंतीच अंगावर आल्या." आणि ते उठून आत गेले.

इरफान कावराबावरा झाला. मला त्याचा राग आला आणि लगेच माझाच आला, कारण ते वाक्य मीच त्याला शिकवलेलं होतं. वाटलं, झालं, मिटलं. आता हा विषय ते जन्मात काढणार नाहीत.

आप्पा तांब्याभर पाणी पिऊन परत बाहेर आले. तेवढ्यात ऋतुजानं विचारलं. ही पोरगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. "काका, आत्ताच हा स्लॅब एवढा तापतोय. जुन्या घरात उन्हाळ्यात गार जागा कुठली होती?"

आप्पा थांबले. विटेचा तुकडा उचलला, ओसरीवरच बसले आणि फरशीवर रेघा ओढायला लागले. "ही ढेळज. दारातून आलं की ही बसायची जागा. हितं बळद, धान्याचं. वर माळवद मातीचं, त्याला उजेडापुरतं एक भोक. भिंती हातभर रुंद. बळदाला लागून लई गार." वीट जराशी थांबली. "हिची आई हितंच बसायची दुपारी, हिला मांडीवर घेऊन. गाणं म्हनत न्हवती. नुस्ती मोजायची. हिची बोटं मोजायची, एक ते धा, परत एक ते धा."

मी रडले. वर्गासमोर, चांगली हुंदके देऊन रडले.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते इरफानला म्हणाले, "तसं गार, पन पडनार न्हाई, असं घर बांधता येतंय का?"

"येतं, काका," इरफान हळूच म्हणाला. "थोडं शिकावं लागेल."

"मग शिक की. तुझ्या मॅडम हायत."

रात्री उशिरा नांदेडला पोचलो. तुम्ही जाणार असाल तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा आणि तिथं जेवायला बसा. लोक आग्रह करतात, नाही म्हणू नका. आणि घरांचे फोटो काढण्याआधी विचारा.

या सहलीनं आई परत आली असं काही झालं नाही. उलट आता जास्त आठवते, म्हणजे जी आठवतच नव्हती ती. पण आप्पांशी बोलायची एक वाट सापडली. आता मी त्यांना आई कशी होती असं विचारत नाही. रविवारी फोन लावते आणि इंजिनीअरसारखी जुन्या घराबद्दल विचारते.

परवा विचारलं, "आप्पा, चूल कुठल्या बाजूला होती?"

"उगवतीला. वाऱ्यानं धूर सगळा घरात यायचा."

"मग ती तोंड कुठं करून बसायची?"

फोनमधून गोठ्याचं दार करकरल्याचं ऐकू आलं.

"तुझ्याकडं," आप्पा म्हणाले. "पाळन्यात तू असायचीस. धूर डोळ्यात गेला तरी तिकडंच बघायची."