शेवंताबाईंचं आभार

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जूनचा दुसरा आठवडा, भामरागड... आणि आमच्या दवाखान्याच्या अंगणात शेवंताबाई स्टुलावर चढून खाली जमिनीकडे एकटक बघत होत्या.

मी तिथे नवीन नर्स, मूळची साताऱ्याकडची. शेवंताबाई दवाखान्यातल्या आया, आरमोरीकडच्या. त्यांची मुलगी सुजाता डी.एड.ला निघाली होती, गडचिरोलीला, होस्टेलवर. घराबाहेर राहून शिकणारी त्यांच्याकडची पहिलीच मुलगी.

तिच्यासोबत द्यायला बाई गोधडी शिवत होत्या. त्या 'वाकर' म्हणायच्या. म्हणजे वाकळ... हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, त्यामुळे इथली बोली आपल्याला आली अशा तोऱ्यात मी वावरत होते.

घाई होती. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, एसटी बंद. त्याच्या आत पोरगी निघायला हवी होती आणि गोधडीशिवाय तिला पाठवायला बाई तयार नव्हत्या.

ठिगळं कापून तयार होती. बापाच्या खाकी शर्टाचं, आजीच्या लाल लुगड्याचं, सुजाताच्याच शाळेच्या स्कर्टचं... अडलं होतं ते ज्यावर ही ठिगळं बसवायची त्या कापडावर.

मला वाटायचं, त्यात काय निवडायचं? खाली कुठलंही कापड घाला, टाके मारा, झालं. पण बाई एकेक कापड सारवलेल्या अंगणात अंथरायच्या, वर ठिगळं मांडायच्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून खडे ठेवायच्या. मग स्टुलावर चढून डोळे बारीक करून बघायच्या.

हिरवं लुगडं बाद झालं, त्यात स्कर्टचा तुकडा हरवत होता. पांढऱ्या धोतरावर सगळीच ठिगळं उघडी पडल्यासारखी दिसत होती. मी मोठ्या मनानं माझं चंद्रपूरहून आणलेलं फुलाफुलांचं नवंकोरं छीट दिलं... बाईंनी त्यावरून हात फिरवला, चांगलं म्हणाल्या आणि घडी घालून परत केलं.

"हे लय गलका करून राह्यलं, सिस्टर. ठिगर म्हंजे घरचे मानसं. त्याईले ऐसपैस बसाले जागा पायजे ना."

मला थोडा रागच आला. पण स्टुलावर चढून मीही बघितलं. खरंच, त्या फुलांच्या गर्दीत आजीचं लाल लुगडं कुठे शोधूनही सापडत नव्हतं. चौथीही न शिकलेल्या या बाईची नजर काय होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

त्याच संध्याकाळी बाई माझ्या खोलीशी आल्या. जरा अवघडलेल्या होत्या. "सिस्टर, तुमचं आभार भेटन का जी?"

मी त्यांना गडचिरोलीहून दोऱ्याची रिळं आणून दिली होती. त्याबद्दल बोलताहेत असं मी धरून चालले. "आभार कसले हो, बाई... राहू द्या," असं अगदी नम्रपणे म्हणाले. बाई मान हलवून गेल्या.

दोन दिवसांनी पुन्हा आल्या. खिडकीपाशी उभ्या राहिल्या, पडद्याला हात लावून. "तं आभार नाईच भेटत?" मी हसून म्हटलं, "नाही म्हणजे नाही. आपल्यात आभार-बिभार काही नको." त्यांचा चेहरा उतरला. किती साधी, किती संकोची बाई, असं मला वाटलं...

तिसऱ्या दिवशी सुजाता मेडिकल सर्टिफिकेट न्यायला आली. रात्रभर दाबून पाऊस झाला होता, नदी वर चढत होती. गोधडी झाली का, विचारलं तर पोरगी खाली बघून म्हणाली, "नाही. आईला तुमचा तो पडदा हवा होता, पण तुम्ही नाही म्हणालात."

मी कधी नाही म्हणाले?

"आमच्याकडे ळ म्हणत नाहीत, सिस्टर. शाळेला शारा म्हणतात. आई आभाळ मागत होती. गोधडीत ठिगळं ज्यावर बसतात त्या कापडाला ती आभाळ म्हणते."

मी खिडकीकडे बघितलं. माझी जुनी सुती साडी, काट्यात अडकून फाटलेली, म्हणून पडदा करून टांगलेली. फिकी निळी, धुऊन धुऊन मऊ झालेली, एकही फूल नसलेली... बाई तीन दिवस माझ्याकडे आभाळ मागत होत्या आणि मी विनयानं त्यांना हाकलत होते. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

पडदा ओढून काढला आणि तशीच धावत गेले. बाईंनी तो अंगणात अंथरला, ठिगळं मांडली. या वेळी स्टुलावर चढल्यासुद्धा नाहीत. खाकी, लाल, सगळी आपापल्या जागी निवांत बसली होती.

पुढचे तीन दिवस दुपारभर आम्ही दोघी व्हरांड्यात टाके घालत होतो. माझे वाकडे टाके बाई मला न सांगता उसवून पुन्हा घालायच्या. ते मला दिसायचं, मी न बघितल्यासारखं करायचे.

एसटी सुटली ती पाणी पुलाला टेकायच्या बेतात असताना. सुजातानं खिडकीतून 'जय भीम' केला, मांडीवर गोधडी घट्ट धरलेली. गाडी वळणाआड गेली तरी बाई तिथेच उभ्या होत्या.

मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "परक्या गावात पोरीले आपलं आभार भेटलं, सिस्टर."

या खेपेला मात्र मी 'आभार कसले' असं म्हटलं नाही.