देवाला घर नको, असं मीच सांगितलं

रायपुरातली आमची मराठी मंडळी रविवारी दुपारी हिंदी चर्चच्या सभागृहात उपासना करते. सकाळची त्यांची उपासना आटोपली की किल्ली आम्हाला मिळते. आपलं स्वतःचं मंदिर असावं, ही माझ्या आत्याची फार जुनी इच्छा. मंदिर म्हणजे आमच्या बोलण्यात चर्चच. ती म्हणते, "मी मरीन तेव्हा चार मराठी गाणे म्हणायाले कोणाले किल्ली मागावी लागू नये."

त्यासाठी मंडळीतल्या बायका मूठ काढतात. भात टाकताना, तांदूळ धुण्याआधी, एक मूठ वेगळ्या डब्यात. रविवारी ते डबे पुढे ठेवलेल्या पोत्यात रिकामे होतात आणि पोतं भरलं की गुढियारी बाजारातल्या दुकानात विकून पैसे मंदिराच्या खात्यात जातात.

मी बोलका, म्हणून पाळकसाहेबांनी मला मंदिर या विषयावर दोन रविवार बोलायला सांगितलं. लोकांना हुरूप यावा, एवढाच त्यांचा साधा हेतू. मी मात्र ठरवलं, पहिल्या रविवारी सगळ्यांना कोड्यात टाकायचं आणि दुसऱ्या रविवारी ते सोडवायचं. टीव्हीवरच्या मालिका बघून मला एवढीच अक्कल आली आहे.

पवित्र शास्त्रातला राजा देवदाराच्या महालात राहतो आणि देवासाठीही घर बांधायचं म्हणतो. देव विचारतो, मी कधी मागितलं होतं का? हे मी चहाचा आग्रह मोडून काढणाऱ्या निवृत्त साहेबाच्या आवाजात म्हटलं. लोक हसले. मग शास्त्रातलाच, पुढच्या काळातला एक शिष्य काढला. देव हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही असं तो म्हणाला आणि शेवटी लोकांचे दगड खाऊन मेला. "बांधकाम समितीनं तेव्हाही ऐकून घेतलं नाही," असं मी म्हणालो, तेव्हा आमच्या समितीचे खजिनदारसुद्धा डोळे पुसत हसले. राजाच्या मुलाला देवानंच घर बांधायला लावलं, हा मधला भाग मी राखून ठेवला आणि खाली बसलो.

पुढच्या रविवारी सभागृहात लग्न होतं, त्यामुळे आमची उपासना झालीच नाही. त्याच आठवड्यात मी आत्याकडे जेवायला गेलो. तिनं तांदूळ मोजले आणि सरळ धुवायला घेतले.

"आत्या, मूठ राहिली."

"राहिली नाही. आता काढत नाही मी."

"काहून?"

"तूच त म्हणाला, देवाले घर नको. त्याले नको ते घे म्हणून मी इतके वर्ष त्याच्या मागं लागून राहिली होती."

ती रागावली नव्हती, ओशाळली होती. न बोलावता कुणाच्या घरी जाऊन बसलेलं माणूस उठताना दिसतं तशी. मी स्वयंपाकघरातच उभ्या उभ्या उरलेला अर्धा भाग सांगून टाकला. राजाला वाटलं होतं आपण देवावर उपकार करतोय, म्हणून देवानं त्याला जागेवर आणलं. घर नको असं नव्हतं. मुलानं घर बांधलं, पण बांधल्यावर कबूलही केलं की तू आभाळात मावत नाहीस तर इथं काय मावणार, आम्ही इथून हाक मारली की ऐक म्हणजे झालं. घर हाक मारणाऱ्यांसाठी असतं, आत्या.

तिनं गॅस बारीक केला. "मंग हे त्याच दिवशी काहून नाही सांगितलं?"

"वेळ संपली होती."

"वेळ होती. किल्ली द्याले आपण लवकर गेलो त्या दिवशी. लोक हसून राहिले होते, म्हणून तू तिथंच थांबला."

मी ताटं मांडायला घेतली.

त्यानंतरच्या रविवारी मी दुसरा भाग सांगितला. आवाज काढले नाहीत. लोकांनी शांतपणे ऐकलं, दोघातिघांनी घड्याळ पाहिलं. बाहेर चपला घालताना एक नवी सून मनापासून म्हणाली, "भैया, आपकी पहलीवाली बात ज़्यादा अच्छी लगी थी. हमने तो घर में सबको सुनाई." तिचं सासर मोठं आहे. सबको म्हणजे किती घरं, याचा मी हिशेब केला नाही.

आत गेलो तर आत्या आपला डबा रिकामा करून पोत्याचं तोंड बांधत होती. ते उचलायला मी वाकलो.

"राहू दे," ती म्हणाली. "एवढं त मीच नेईन."