पाटाच्या कागदातल्या दोन ओळी

गेल्या उन्हाळ्यात फ्रान्सहून एक पाकीट आलं. आत वर्तमानपत्राचं कात्रण होतं आणि त्याला टाचलेली इंग्रजी चिठ्ठी. चिठ्ठी एका इतिहासकाराच्या मुलीची होती. वडील गेले, त्यांच्या वहीत तुमचा पत्ता होता म्हणून कळवते आहे, एवढंच तिने लिहिलं होतं. कात्रण फ्रेंचमध्ये होतं. नातीने मोबाईल त्याच्यावर धरला आणि मराठी करून मला वाचून दाखवलं. भाषा ओबडधोबड होती, पण मतलब कळला. प्रकाशक म्हणून या माणसाने आयुष्यभर सचोटी सांभाळली, पण इतिहासकार म्हणून भारतातल्या एका गावाच्या कागदातल्या दोन ओळी लपवल्याचा डाग त्यांना अखेरपर्यंत धुता आला नाही, असं त्यात होतं.

त्या दोन ओळी त्यांनी लपवल्या नव्हत्या. मी लपवल्या होत्या. माझं वय आता एक्याऐंशी आहे, आणि ते कात्रण येईपर्यंत हे मी कुठेही लिहिलं नव्हतं.

ते इतिहासकार पहिल्यांदा संगमनेरला आले तेव्हा मी तिथल्या एका हायस्कूलात इतिहास शिकवत होतो. मोडी वाचणारा मास्तर म्हणून पुण्याच्या कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. पन्नाशीचे, उंच, किंचित वाकलेले गृहस्थ. शाळेच्या दारात उभे राहून त्यांनी पाठ केलेलं मराठी वाक्य म्हटलं, "मला तुमच्या गावचा पाट पाहण्याची इच्छा आहे." शिपाई त्यांना जेवणाचे पाट विकणारा समजला होता, ही गोष्ट ते पुढे स्वतःच हसून सांगायचे.

त्यांच्याविषयी जे कळलं ते तुकड्यातुकड्याने. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे. हेही लहानपणी तिथेच वाढले, उलटी अक्षरं वाचायला आधी शिकले आणि सुलटी नंतर, असं म्हणायचे. मग शाळेत इतिहासाचे मास्तर झाले. मालक म्हातारा झाल्यावर तो बंद पडत आलेला छापखाना त्यांनी चालवायला घेतला आणि त्याची लहानशी प्रकाशनसंस्था केली. धोबिणी, खाणकामगार, मेंढपाळ, ज्यांच्यावर कुणी पुस्तक काढत नव्हतं त्यांच्यावर त्यांनी पुस्तकं काढली. त्यांच्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांनी मिळून चालवलेले जुने कालवे होते. त्यातल्या पाण्याच्या पाळ्या कशा ठरत, यावर त्यांनी स्वतः एक पुस्तक लिहिलं होतं. दुसऱ्या देशात हे कसं चालतं ते बघायला ते आमच्याकडे आले होते.

त्यांचे दोन नियम होते. कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यावर काही छापायचं नाही. आणि ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना छापण्याआधी वाचून दाखवायचं. पहिल्या नियमात माझ्यामुळे खोट आली. मोडी त्यांना येत नव्हती, त्यामुळे त्यांचे डोळे म्हणजे मीच होतो.

आमचं गाव प्रवरेच्या वरच्या अंगाला. ओढ्यावरच्या जुन्या बंधाऱ्यातून एक पाट निघतो आणि तीसेक घरांच्या शेतांना पाणी देतो. ओढ्यापलीकडे कष्टकऱ्यांची वस्ती आहे. हा पाट कुलकर्ण्यांच्या, म्हणजे आमच्या, पूर्वजाने आणला असं गाव मानत आलं. नवरात्र संपल्यावर पाट सोडायचे, तेव्हा पहिला नारळ आमच्या घरच्या कर्त्याने फोडायचा. पाण्याचा पहिला हक्क कधीच गेला होता, नारळ तेवढा उरला होता. त्या नारळासाठी वडील ऐंशीनंतरही काठी टेकत बंधाऱ्यावर जायचे.

गावाचे जुने कागद आमच्याच घरी एका रुमालात बांधलेले होते. त्यात पाटाच्या भांडणाचा एक महजर होता. पूर्वी गावाने जमून तंटा तोडला की जे ठरलं ते लिहून ठेवत, तो हा कागद. ओसरीवर बसून आम्ही तो वाचत होतो. आमची रीत ठरलेली होती. मी शब्द सोडवून मोठ्याने म्हणायचो, ते आपल्या लिपीत उतरवायचे, दिवसाच्या शेवटी मूळ कागदाच्या ओळी आणि त्यांच्या वहीच्या ओळी मोजून जुळवायच्या.

सतराव्या ओळीपाशी मी थांबलो. अक्षर स्वच्छ होतं. पाट वस्तीवरच्या लोकांनी अंगमेहनतीने खणला, पहिली पाळी त्यांची. कुलकर्ण्याने ती दडपून आपली लावली, हे त्याने गोताच्या, म्हणजे जमलेल्या गावाच्या, समक्ष कबूल केले. बस, एवढ्याच दोन ओळी.

"काय झालं, गुरुजी?" ते पेन वर धरून विचारत होते.

"या दोन ओळी लागत नाहीत," मी म्हणालो.

मोडी वाचणारे असंच म्हणतात. अक्षर लागतं किंवा लागत नाही, आणि कधीकधी ते खरंच लागत नाही. त्यामुळे त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. त्यांनी उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी मोठं भिंग आणलं. मी ते भिंग कागदावर धरून बराच वेळ बसलो आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी वहीत दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

वडिलांना दुखवायचं नव्हतं म्हणून तसं केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. वडील आत झोपले होते आणि त्यांना ऐकूही कमी येत होतं. त्या वर्षापासून नारळ मी फोडायचा, असं घरात ठरलं होतं. मला तो फोडायचा होता.

पुढच्या हिवाळ्यात ते आमच्या पाटावरचं प्रकरण लिहून आले आणि देवळाच्या पारावर त्यांनी ते वाचून दाखवलं. त्यांचं मराठी तोवर पुस्तकी पण स्पष्ट झालं होतं. लोक पुष्कळ जमले होते. वस्तीवरचा एक माझ्याच वयाचा माणूस, नागापूरच्या कारखान्यात फिटर होता, सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, "पाव्हणं, तुमच्याकडं पानी सोडनाऱ्या पाटकऱ्याला शिव्या देत्यात का?"

"देतात," ते म्हणाले. "पण तो बहिऱ्याचं सोंग घेतो."

हशा झाला. मग तो फिटर जरा पुढे सरकला. "समदं बरूबर लिवलंय. पन पाट कुलकर्ण्यांनी आनला, हे आमच्या आजीला पटलं नसतं. ती म्हनायची, पाट आमी खनलाय."

कुणीतरी मागून म्हणालं, "आजी तुझी, म्हनशील ते म्हनंल." पुन्हा सगळे हसले.

पाहुणे मात्र हसले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "गुरुजी, कागदात असं काही आहे?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "जेवढं लागलं तेवढ्यात नाही."

फिटर खाली बसला. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

पुस्तक आलं तेव्हा त्यांनी मला एक प्रत पाठवली. ऋणनिर्देशात माझ्यावर दोन वाक्यं होती आणि शेजारी पेन्सिलीने त्यांनी त्यांचं मराठी करून ठेवलं होतं. जिथे वाचता आलं नाही तिथे तसं सांगण्याचा प्रामाणिकपणा दाखवणारे मित्र, असं होतं ते. मागच्या पानांत महजराचा आख्खा फोटो छापलेला. पुरावा वाचकासमोर ठेवायचा, ही त्यांची पद्धत. मी तो फोटो पाहिला आणि पुस्तक कपाटात आतल्या बाजूला ठेवलं. तिकडे मोडी कुणाला येणार, असं मनात आलं.

पण पुस्तक पुण्यालाही पोचलं. दोन-तीन वर्षांनी एका तरुण संशोधक मुलीने फोटोवरून महजर वाचला आणि परदेशी नियतकालिकात लेख लिहिला. या ओळी मोडीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही लागतील, म्हणाली. कष्टकऱ्यांचा इतिहास लिहिण्याचं नाव असलेल्या माणसाने नेमका कष्टकऱ्यांचा पुरावा गाळला, असा तिने निष्कर्ष काढला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिला दुसरा अर्थ कुठून दिसणार?

त्या हिवाळ्यात ते एकच दिवस आले. संगमनेरच्या माझ्या बिऱ्हाडी बसलो होतो, बायकोने पोहे केले होते. त्यांनी पिशवीतून फोटो काढून माझ्यासमोर ठेवला.

"गुरुजी, आता लागतात का?"

मी वाचल्या. दोन्ही ओळी, न अडखळता. खोटं बोलायला मला जागाच उरली नव्हती, तरी मी म्हणालो, "तेव्हा कागद दमट होता. शाई फुटल्यासारखी दिसत होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"चांगलं वाचता तुम्ही," ते म्हणाले, आणि फोटो परत पिशवीत ठेवला. मग बायकोला पोहे छान झाल्याचं सांगितलं आणि वडिलांची तब्येत विचारली. बसस्टँडपर्यंत मी सोडायला गेलो. वाटभर ते उसाच्या ट्रॅक्टरांविषयी बोलत होते.

त्यानंतर त्यांनी काय केलं ते मला नियतकालिकातल्या त्यांच्या छोट्या पत्रातून कळलं. ओळी वाचता येतात, चूक सर्वस्वी माझी आहे, असं त्यांनी जाहीर केलं. माझा उल्लेख नव्हता. दुकानांतून, ग्रंथालयांतून पुस्तकं परत मागवली आणि प्रत्येकात दुरुस्तीची चिठ्ठी हाताने चिकटवली. दुसऱ्या आवृत्तीत माझ्याविषयीची ती दोन वाक्यं तशीच ठेवली. ती काढली असती तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. मला तेवढंच कारण दिसतं.

दर नव्या वर्षाला त्यांच्याकडून कार्ड यायचं, आणि त्यांनी काढलेलं एखादं पुस्तक. सगळी दुसऱ्यांची. त्यांचं स्वतःचं एकही नाही. मीही कार्ड पाठवायचो. पाऊसपाणी, नातवंडं, प्रवरेच्या पाण्याचं आवर्तन. दोन ओळी सोडून सगळं.

कात्रण वाचून झालं त्या संध्याकाळी नातीने विचारलं, "आजोबा, हेच का ते, ज्यांची पुस्तकं कपाटात आहेत? यांनी खरंच लपवलं होतं?"

मी नाही म्हणालो. मग कुणी, असं तिने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. ती मोबाईल घेऊन आत गेली.

दोन दिवसांनी गावी गेलो. फिटर आता निवृत्त होऊन वस्तीवरच राहतो, गुडघे गेलेत. त्याच्या ओट्यावर बसून मी महजर उघडला आणि सतराव्या ओळीपासून वाचला. मग मी काय केलं होतं तेही सांगितलं.

तो तंबाखू मळू लागला. "मंजी मी पारावर इचारलं, तवा तुमाला ठाव हुतं."

"होतं."

"आन पाव्हण्याला?"

"नव्हतं."

"मानूस चांगला हुता," तो म्हणाला. "मला म्हनायचा, तुमची आजी अजून काय काय सांगायची? लिवून घ्यायचा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, माझ्या वट्यावर वाचून काय उपेग? समदी हसली ती पारावर. तिथं वाचा."

पाट सुटायच्या दिवशी मी ते पारावर वाचलं. माझा आवाज आता लांब जात नाही, म्हणून ग्रामपंचायतीचा माईक घेतला. माझा पुतण्या कडेला उभा होता, मध्येच जवळ येऊन म्हणाला, "काका, पुरे करा. घराची शोभा होतेय." मी वाचून संपवलं. काही लोक उठून गेले. एका तरुणाने मोबाईलवर शूटिंग केलं. फ्रान्सच्या पाहुण्यांवर आळ आला तो माझ्यामुळे, हे मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माईक खरखरला होता. बंधाऱ्यावर मी गेलो नाही. तिथे काय झालं ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला इंग्रजीत पत्र लिहिलं. प्रकाशनसंस्था आता ती चालवते. जे घडलं ते क्रमाने लिहिलं, सहीखाली पूर्ण नाव-गाव दिलं, आणि जिथे ते कात्रण छापून आलं त्या वर्तमानपत्राला हे द्यावं अशी विनंती केली. महिनाभराने उत्तर आलं. तिने पत्र वर्तमानपत्राला दिलं होतं, पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतही छापणार होती. उत्तरात राग नव्हता, जिव्हाळाही नव्हता. तो लेख आला त्या वर्षानंतर बाबांनी लिहायचं टेबल माळ्यावर टाकलं, असं तिने लिहिलं होतं. आई विचारायची तर म्हणायचे, आता दुसऱ्यांचं नीट छापू. तुमच्याविषयी त्यांनी घरात कधी एक शब्द वाकडा काढला नाही. शेवटी एकच प्रश्न होता. ते जिवंत असताना का नाही लिहिलंत?

त्याचं उत्तर मी चार वेळा लिहिलं. पहिल्यात वडील होते, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात माझं आजारपण. ते तिन्ही फाडले. चौथं काल संगमनेरच्या पोस्टात टाकलं. त्यात लिहिलं आहे की तो लेख आल्यावर तुमच्या वडिलांनी मला एकदाच विचारलं, मी खोटं बोललो, आणि त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. त्या भरवशावर मी राहिलो.