खिडकीवाली आत्या

माझी आत्या बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसून निवृत्त झाली, पण चौकशी काही तिच्यातून निवृत्त झाली नाही. आता ती जेवणाच्या टेबलाशी मोबाइल घेऊन बसते आणि 'खिडकीवाली' या नावानं अनोळखी लोकांना उत्तरं देते. मांजराला आंघोळ घालावी का? जिराफ झोपतो कसा? शाईचा डाग कशानं जातो? डागाचा उपाय ती आधी माझ्या कपड्यांवर करून बघते, मगच लिहिते.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस नुसत्या," मी म्हणते.

"भाजू दे. सवय आहे मला. खिडकीशी इतकी माणसं आली, पण गाडी मिळाली म्हणून सांगायला एक तरी परत आला का?"

मागे एका तरुणाचा प्रश्न आला. गॅलरीत उघड्या खोक्यात ठेवलेल्या त्याच्या बुटांवर कबुतरीनं काड्या रचून अंडी घातली होती. दुसऱ्या दिवशी नोकरीची मुलाखत, आणि बुटांचा जोड तेवढाच. काय करू?

आत्यानं लिहिलं, "अंड्यांना हात लावू नका. चपला घालून जा आणि खरं कारण सांगा."

माझं डोकंच फिरलं. "अगं आत्या, कुणाच्या पोटावर पाय देतेस! नोकरी गेली तर?"

"बूट बघून नोकरी देणारा साहेब काय कामाचा?" ती ठसक्यात म्हणाली. पण रात्री जेवताना तिचा घास तोंडातच फिरत होता.

मग रोज तेच. "त्याचं काय झालं असेल गं?" जिराफ मागे पडले. तिचं उतरलेलं तोंड मला बघवेना.

दीड-दोन महिने उलटल्यावर एका संध्याकाळी तिनं मला हाक मारली. त्यानं लिहिलं होतं, "काकू, ती नोकरी नाही मिळाली. साहेब पोट धरून हसले आणि दुसऱ्यालाच घेतलं. आता एका छापखान्यात लागलोय, बरं चाललंय. काल पिल्लं उडाली. तुम्हाला कळवायचं होतं. बुटांचा वास तेवढा जात नाही, काय करू?"

आत्यानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि पदरानं डोळे पुसले. "आला बघ. सांगायला परत आला."

मग उठली, दारातले माझे ऑफिसचे बूट उचलले आणि खायच्या सोड्याचा डबा घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी चपला घालून कामावर गेले.