अळूची पानं पुसणारा माणूस

"इनकी पुतलियाँ देखिए," म्हणत डॉक्टरांनी टॉर्च मारला. मी वाकून पाहिलं. आमच्या ह्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ, अंगाला घामाच्या धारा, मांड्या आपोआप थडथडत होत्या.

"ऑर्गनोफॉस्फेट पॉयझनिंग. खेत में स्प्रे किया था?"

"खेत? डॉक्टरसाहब, द्वारका की बालकनी है, चौथा माला!"

ऑर्गनोफॉस्फेट म्हणजे कीटकनाशकांची एक जात. किड्यांच्या नसांवर ते जे करतं, तेच माणसाच्याही नसांवर करतं. श्वासाचे स्नायू थकले की माणूस जाऊ शकतो.

आता पराक्रम ऐका. वडीसाठी काळ्या देठाचाच अळू हवा, म्हणून ह्यांनी गावाहून दिल्लीला कंद आणून कुंड्यांत लावले. पानांवर मावा पडला. नर्सरीतून औषध आलं. फवारलं, तर अळूच्या पानावर थेंब टिकतो कुठे? घरंगळून थेट फरशीवर! दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. हे पडले केंद्र सरकारचे अधिकारी. बनियनवर बसून, औषध घट्ट कालवून, त्यात फडकं बुडवून एकेक पान उघड्या हातांनी पुसत होते. तान्ह्या बाळाचं अंग पुसावं तसं!

"अहो, हातमोजे तरी घाला."

"यार सुमन, औषध किड्यांसाठी आहे. मी काय किडा आहे?"

त्याच हातांनी घाम पुसला, तेच ओलं बनियन दुपारभर अंगात. संध्याकाळी मळमळायला लागलं, तर आम्ही दोष दिला दुपारच्या छोल्यांना.

इमर्जन्सीत सिस्टरने आधी बनियन कापून काढलं आणि साबणपाण्याने त्यांचं अंग धुतलं. विष कातडीतूनही आत जातं, हे मला तिथे कळलं. मी औषधाची बाटली सोबत नेली होती. लेबल वाचून डॉक्टर म्हणाले, "ये बहुत अच्छा किया." तेवढंच माझ्या हातात होतं. पुढचं काहीच नव्हतं.

आयसीयूत ॲट्रोपिन सुरू झालं. ते लाळ आणि छातीतला पाझर आटवतं. त्याने भ्रमही होतो. हे हवेतली पानं खुडायला लागले, सिस्टरला म्हणाले, "मॅडम, फाईल पाठवतो." मला हसू फुटलं. ते थांबेचना. शेवटी मी बाहेर आले, तेव्हा बाकावरच्या अनोळखी बाईने माझी पाठ चोळली.

मग ते पाणी मागायला लागले. "सुमे, पाणी. एक घोट."

"मुँह सूखना अच्छा है," डॉक्टर म्हणाले. "पानी अभी नहीं. फेफड़ों में जाएगा."

एरवी घरात हाक मारायच्या आत मी तांब्या पुढे करते. इथे मी हात मागे बांधून उभी. ते माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघत होते.

बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांनो, लेबलवर खायच्या त्या भाजीचं नाव नसेल तर औषध घरात आणू नका. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क, वाऱ्याकडे पाठ. काम झालं की लगेच आंघोळ. फवारणीनंतर लेबलवर दिलेले दिवस भाजी तोडू नका. आणि मळमळ, घाम, लाळ दिसली तर छोल्यांना दोष देत बसू नका.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी माझ्या हातात चमचा दिला. मी पाणी भरून तो त्यांच्या ओठांशी नेला. पाणी ओठांत गेलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका नाही. मी डॉक्टरांकडे पाहिलं.

"एक और," ते म्हणाले.