डोंगरावरच्यांसाठी आहेर

आमच्या घरात पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालण्याला ट्रेक म्हणत नसत, मजुरी म्हणत. आप्पांनी आमच्या राहू गावच्या गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा वाहिल्या, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. त्यातून मी बी.कॉम. झालो. घरातला पहिला पदवीधर! (हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.)

तर हा पदवीधर शिरूरच्या कंपनीतल्या मंडळींबरोबर तीन दिवसांच्या ट्रेकला निघाला. लीडर कुलकर्णी मॅडम. त्यांचा नियम एकच: सॅक आठ किलोंच्या वर गेली, की माणूस घरी! मी अख्खी संध्याकाळ सॅक भरली. दोन टी-शर्ट, एक पँट, रेनकोट, टॉर्च, स्लीपिंग बॅग, सुका खाऊ. वजन केलं, नियमात बसलं. काय ते समाधान!

आप्पा बघत होते. "एकच प्यांट? तीन दिस?"

"ट्रेकला एवढंच नेतात, आप्पा."

"आमच्याकडं नव्हतं तवा एकावर भागवलं. तू पगार घेतोस की!"

तेवढ्यात आई आली. "कुणाकडं उतरणार रं?"

"कुणाकडं नाही. डोंगरावर राहणार."

"डोंगरावर कोन हाय आपलं?"

"कुणी नाही, आई!"

"मग जातोस कशाला?"

याचं उत्तर बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मी रागारागानं झोपायला गेलो.

सकाळी आप्पांनी सॅक स्वतः उचलून शिरूरच्या जीपमध्ये ठेवली. (तेव्हाच संशय यायला हवा होता! पण ढेपा वाहिलेला माणूस. त्यांच्या तोंडावरून वजन कळत नाही.)

शिरूरच्या स्टँडवर मॅडमनी सॅक काट्याला अडकवली. एकोणीस किलो!

"काटा बिघडलाय!" मी गरजलो.

अख्ख्या स्टँडसमोर सॅक उघडली. वर घोंगडी. तिच्याखाली इस्त्रीचे शर्ट, भाकरींची चवड, ठेच्याची बरणी, गुळाची ढेप. आणि तळाशी टॉवेल-टोपी, खण-नारळ! मी तिथूनच फोन लावला.

"आई, हा आहेर कुणाला?"

"ज्यांच्याकडं राह्यचं त्यांस्नी! आन् खण-नारळ तितल्या बाईला. तीन दिस कुणाकडं मोकळ्या हातानं राहत्यात व्हय?"

"आणि माझी स्लीपिंग बॅग?"

"ते गादीचं पोतं? फळीवर ठिवलंय. चेन लावून झोपायला तू काय गहू हाईस?"

मी मॅडमना तावातावानं म्हणालो, "यात माझी काही चूक नाही!"

"काट्याला ते कळत नाही, सर. आठ किलो, नाहीतर परत राहू गावाला."

परत? महिनाभर कंपनीत सगळ्यांना ऐकवून झालं होतं! मी बरणीचं झाकण उघडलं आणि ओरडलो, "खा! उभ्या-उभ्या खा!" बघता बघता चवड संपली. (मॅडमनी दोन भाकरी खाल्ल्या. नियम त्यांनाही ठेचा लावूनच गोड लागला असावा.) ढेप फोडून वाटली, शर्ट स्टँडवरच्या चहावाल्याकडं ठेवले, टॉवेल-टोपी ट्रेकच्या गाडीच्या ड्रायव्हरमामांना दिली. घोंगडी तेवढी झोपायला ठेवली. खण-नारळ बाईला द्यायचा होता, तो मॅडमनाच दिला. माझी सॅक आठवर आली. मॅडमची किती झाली, ते कुणी मोजलं नाही!

तिसऱ्या दिवशी मी माथ्यावर पोचलो. सगळ्यांत शेवटी, पण पोचलो. काही काम नसताना डोंगर चढलेला मी आमच्या घराण्यातला पहिला माणूस. आईनं ही गोष्ट भावकीत अजून कुणालाही कळू दिलेली नाही!